क्लॅरीच्या यंत्राचा नट

६ सप्टेंबर
क्लॅरीचं गवत कापायचं यंत्र माझ्याहून दोन वर्षांनी मोठं, आणि हट्टीपणात त्याच्या मालकाच्या बरोबरीचं. आज क्लच पुन्हा घसरला. दांडा दाबावा तर नुसतं गुरगुरतं, जागचं हलत नाही. क्लॅरीची बोटं संधिवाताने वळत नाहीत, म्हणून पाना माझ्या हाती. "पंडिता, जन्मभर संस्कृत शिकवलंस, आता काहीतरी उपयोगाचं कर." केलं. क्लचच्या तारेचा नट दोन आटे आवळला. चाललं! अवघड श्लोक लागल्यावरही इतका आनंद झाला नव्हता.

१३ सप्टेंबर
पुन्हा सैल. बोल्स क्लबचा, म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळवायच्या खेळाचा, हंगाम चार ऑक्टोबरला सुरू होतो. हिरवळ चाळीस वर्षं क्लॅरीच कापतो. दुसऱ्याला दांडा धरू देत नाही. जुलैत, इथल्या हिवाळ्यात, त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. यंत्राला हात लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. "तिला एक गोळा तरी सरळ टाकता येतो का?" — हे त्याचं उत्तर. त्याची बायको थेल्मा चहाबरोबरचे स्कोन-पाव वाढत राहिली. या गावातल्या बायका नवऱ्याला मरू देतील, पण चारचौघांत अडवणार नाहीत.

२० सप्टेंबर
पुन्हा तेच. सैल झाला तोही बरोबर दोन आटे. मोठा शिस्तीचा नट. उपाय सुचला: त्याच्यामागे दुसरा नट घट्ट बसवला, कुलपासारखा.
"आता ब्रह्मदेवालाही सुटायचा नाही," मी म्हणालो.
"झकास," क्लॅरी म्हणाला. हसला मात्र नाही.

२१ सप्टेंबर
थेल्माकडे चहाचा चमचा घ्यायला खण उघडला. चमच्यांत पाना. मी वर पाहिलं. ती किटलीकडे बघत होती.
"साखर एकच ना?"
सतरा वर्षं माझा चहा करते आहे.
आपोआप सुटणारा नट इतका शिस्तीचा नसतो, हे कालच सुचायला हवं होतं. ते नटाचं कुलूप काढायला हवं. क्लॅरी शेडमध्येच ठाण मांडून होता. उद्या काढतो.

२२ सप्टेंबर
उशीर झाला. तो सकाळीच हिरवळीवर गेला. यंत्र एकदाही अडलं नाही, म्हणून तोही थांबला नाही. अकराव्या पट्ट्यात कोसळला. दांडा सुटताच यंत्र जिथल्या तिथे उभं राहिलं. इतका अचूक क्लच मी लावला होता.

२४ सप्टेंबर
क्लॅरी आहे. बोलतो आहे.

२७ सप्टेंबर
क्लॅरी, इस्पितळाच्या खाटेवरून: "कोण सैल करतंय ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं रे. क्लच घसरला की टेकायला मिळायचं. यंत्र थकलं म्हणता यायचं. तू ते दुरुस्त केलंस."

२८ सप्टेंबर
दुसरा नट काढला. पहिला दोन आटे सैल केला. थेल्मा शेडच्या दारात उभी होती. तिने पाना मागून घेतला, पदराने पुसावा तसा एप्रनने पुसला, आणि चमच्यांच्या खणात ठेवायला घेऊन गेली.