हो, मी त्याच फौजेतली

पॉइंट कुक, मेलबर्न
१४ सप्टेंबर २००८

प्रिय दादा,

जय भीम. तुझा मेल वाचला. बाबांना वृद्धाश्रमात ठेवून दीड महिना झाला आणि ते छान रुळलेत म्हणतोस. तो सल्ला माझाच होता, म्हणून हे लिहितेय. चिडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

युनीतली लेक्चर्स संपल्यावर ज्या नर्सिंग होममध्ये मी आर्वोची, म्हणजे दुपारची शिफ्ट करते, तिथे यूसुफचाचा होते. आफ्रिकेतल्या हरार शहराचे. सगळं विसरलेले. सारखे दाराकडे धावायचे, ताट ढकलायचे. एकदा माझा युनिफॉर्म बघून विचारलं, तू त्या फौजेतलीच ना? आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, अशा माणसांशी वाद घालायचा नाही, त्यांच्या होला हो म्हणायचं. घाईत होते, म्हटलं हो. त्या दिवसापासून चाचा एकदम गुणी झाले. उठू का, जेवू का, नमाज पढू का, सगळं मला विचारून. माझी शिफ्ट चुटकीसरशी संपायला लागली. मॅनेजरने सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मला ते आवडलं.

महिन्याभराने त्यांच्या मुलीकडून कळलं. हरारवर अमिराचं राज्य होतं. १८८७ साली मेनेलिक नावाच्या ख्रिस्ती राजाची फौज चालून आली. अमीर शहराबाहेर जाऊन लढला आणि बघता बघता हरला. मोठ्या मशिदीचं चर्च झालं. चाचांचे आजोबा तेव्हा लहान होते. त्यांच्या घरात शिपाई राहायला आले, आणि घरच्यांना आपल्याच चुलीपाशी जायला परवानगी मागावी लागायची. शिपाई गेले तरी आजोबांची सवय गेली नाही. चाचा त्यांच्याच मांडीवर वाढले. हे कळल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. नाही थांबले रे. काम सोपं जात होतं.

गेल्या मंगळवारी चाचांच्या छातीत दुखायला लागलं. बेल हाताशी होती. शेजारच्या आजी ओरडल्या, दाबा. चाचा म्हणाले, आधी तिला विचारायला हवं. मी दुसऱ्या खोलीत चादरी बदलत होते. आले तेव्हा ते गेले होते.

आणि तू खूश होऊन लिहितोस, बाबा आता अजिबात हट्ट करत नाहीत, पंखा लावायलासुद्धा तिथल्या बाईंना विचारतात. दादा, हेडमास्तरांशी उभा दावा मांडणारा माणूस तो. त्यांना आजच्या आज घरी आण. सेमिस्टर बुडू दे, मी पुढच्या रविवारी निघतेय. घरी आल्यावर त्यांनी काही विचारलं, तर हो म्हणू नकोस. घर तुमचं आहे बाबा, एवढंच सांग.

तुझीच,
दीक्षा