टाकी भरून परत

विलिस्टन, नॉर्थ डकोटा
१४ जानेवारी

हार्लन,

ऐकायचंच नव्हतं तर विचारलंस कशाला? मी फोनवर "पेट्रोलची घे" म्हणालो की तू म्हणतोस, "तुला काय कळतंय, तू कंपनीची गाडी हाकतोस." गप्प बसलो की म्हणतोस, "सख्खा भाऊ असून सल्ला देत नाही." शेवटी आईनंच फर्मान काढलं. फोनवर कुत्र्यांसारखे भांडता, काय ते कागदावर लिहा. म्हणून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर तुझ्या ब्रिटाकडून वाचून घे. ती शिकलेली आहे.

मी बरा आहे. थंडी शून्याखाली अठ्ठावीस. तेलाच्या विहिरीवर हातमोजा काढला की बोटं लोखंडाला चिकटतात. गुडघा आता दुखत नाही, हे आईला सांग. दुखतो, पण सांगू नकोस.

तर गाडी. बाबांची जुनी पिकअप विकून तू नवी एक टनी घेणार, तीही गुरांचा चोवीस फुटी ट्रेलर ओढायला. घे बाबा. रँच तुझी, गुरं तुझी, घर तुझं, आता दारात नवी गाडीपण तुझी. मला इथं चौघांत एक खोली आहे आणि दारावर सतरा नंबर रंगवलेली कंपनीची पिकअप आहे. सीटवर आधीच्या माणसाच्या तंबाखूचे डाग आहेत. पण माझं काय विचारतोस, तुझं बघू.

इथं पार्किंगमध्ये दीडशे पिकअप उभ्या असतात आणि त्या दीडशे माणसांची दीडशे मतं. माझ्या खोलीत बर्ल नावाचा म्हातारा आहे, ओक्लाहोमाचा. तीस वर्षं तो गाड्याच घेतोय आणि गाड्यांवरच बोलतोय. परवा जेवताना त्याला विचारलं, "बर्लकाका, माझ्या भावाला गाडी घ्यायचीय. डिझेल की पेट्रोल?"

तो म्हणाला, "तुझा भाऊ श्रीमंत आहे का?"

म्हटलं, "नाही, पण वागतो तसा."

"मग त्याला सांग, आजकालचं डिझेल म्हणजे लाडावलेली सून. पाच मैलांवर चर्चला न्यायचं आणि परत आणायचं, असं वापरलंस की धुराची जाळी तुंबते. थंडीत डिझेल थिजतं, रात्रभर इंजिनाला वायर लावून ऊब द्यायची. वरून धूर साफ करायला वेगळ्या टाकीतून युरियाचं पाणी पाजायचं. आणि पेट्रोलपेक्षा दहा-अकरा हजार डॉलर जास्त मोजायचे, ते वेगळेच."

हे त्याचे शब्द. मी एकही घातलेला नाही. पलीकडच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, पेट्रोलवाली साधी असते, गावातला कुठलाही मेकॅनिक उघडतो, बिघडली तरी घर विकावं लागत नाही. मलाही तसंच वाटतं.

आणि खरं बोलू का, डिझेलला जपणारा हात लागतो. बाबांच्या गाडीचं काय झालं ते फ्रिजवर चिकटवलेलं बिल आपण सगळ्यांनी कित्येक दिवस बघितलंय. अकरा हजार तीनशे ऐंशी डॉलर. फ्रिजमधून दूध घ्यायला गेलं तरी दिसायचं. मी काही बोलत नाही. पण ज्याच्या हातून एकदा झालं, त्यानं परत त्या वाटेला जाऊ नये, एवढंच.

मी पण एक गाडी बघून ठेवलीय. काळी, चार दारांची. डिझेल. माझी गोष्ट वेगळी, मला इथं लांब जावं लागतं. आगाऊ रक्कम भरण्याएवढे पैसे जमत आलेत, एप्रिलमध्ये घेतो. कधी तिकडे आलो तर दाखवीन. तुझ्या पेट्रोलवालीच्या शेजारी उभी करू आणि बघू गावातले कुठल्या गाडीभोवती जमतात.

जूनमध्ये तुमच्या लग्नाला यायचं जमेल असं दिसत नाही. सुट्या मिळत नाहीत. ब्रिटाला काय सांगायचं ते तू सांग.

आईची काळजी घे. तुला सांगायला नको म्हणा, तू घेतोसच. ती दर पत्रात तेच लिहिते.

तुझा भाऊ,
वेस

* * *

विलिस्टन
२० फेब्रुवारी

हार्लन,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार ओळींचं. "तू म्हणतोस ते बरोबर आहे. माझ्या हाताला डिझेल शोभत नाही. एक मार्चला पेट्रोलच्या गाडीचे पैसे भरतोय. ब्रिटानं तुला आठवण सांगितलीय."

मला वाटलं होतं तू भांडशील. चार पानं शिव्या येतील म्हणून मी तयारीत होतो. ते पत्र मी खिशात घालून कामावर गेलो, आणि बाहेर काढून वाचायला नको वाटावं असं पहिल्यांदा झालं.

बर्लनं विचारलं, "काय म्हणतो श्रीमंत भाऊ?"

"माझं ऐकलं त्यानं. पेट्रोलची घेतोय."

"मग तुझं तोंड असं का, मेलेली घूस वास मारतेय तसं?" आणि मग म्हणाला, "थांब. तो ट्रेलर किती लांबचा म्हणालास?"

"चोवीस फूट."

"आणि बाजार?"

"नव्वद मैल. चढउताराचा रस्ता, आणि वारा तर कायमचाच."

"दर आठवड्याला?"

"हंगामात आठवड्यातून दोनदा."

तो म्हातारा म्हणाला, "अरे गाढवा, मग तू त्याला माझं अर्धंच का सांगितलंस?"

अर्धंच सांगितलं होतं, हार्लन. त्या दिवशी जेवताना त्यानं पुढं जे सांगितलं ते मी लिहिलं नाही. तो म्हणाला होता, ज्याला बायकोला चर्चला न्यायचंय त्यानं पेट्रोल घ्यावं. ज्याला रोज ओझं ओढायचंय आणि गाडी दहा-पंधरा वर्षं ठेवायचीय त्यानं डोळे मिटून डिझेल घ्यावं. पेट्रोलवाली भरल्या ट्रेलरला गॅलनमागे सात मैल देईल आणि प्रत्येक चढाला ओरडेल. डिझेल उतारावर स्वतःच ट्रेलर धरून ठेवतं, ब्रेक जळत नाहीत. आणि विकायला काढलीस तरी गिऱ्हाईक दारात.

हे मी ठेवून घेतलं. का, ते मला त्या वेळी ठाऊक होतं. तुझी गाडी माझ्या गाडीपुढं हलकी दिसावी म्हणून. बस, एवढंच. पण एवढंच असतं तर फोन करून सांगितलं असतं.

आता दुसरं सांगतो. हे फोनवर होणार नाही.

तीन वर्षांमागचा सप्टेंबर, गुरुवार. बाबा टेकडीपलीकडं पवनचक्की दुरुस्त करत होते. मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि न विचारता पिकअप घेऊन गावात गेलो. दाढी केली होती, बुटांना तेल लावलं होतं. जत्रेतल्या नाचाला येशील का, असं ब्रिटाला विचारायचं होतं. वर्षभर घोकत होतो ते. तुला कधी बोललो नाही, कारण तुला बोललो असतो तर तू हसला असतास, आणि मग स्वतःच मला गाडीनं तिच्यापर्यंत सोडलं असतंस. तू तसाच आहेस. तेच मला नको होतं.

सोसायटीच्या पंपावर पोचलो, तर समोर कॅफेच्या खिडकीत तुम्ही दोघं. ती तिच्या गाडीनं तुला घेऊन आली होती. राजमा-खिम्याच्या चिलीचे दोन वाडगे आणि दालचिनीचा एक रोल.

तसाच मागं फिरलो असतो तरी चाललं असतं. पण बाबांचं ते होतंच ना, उसनी गाडी रिकाम्या टाकीनं परत करणारा माणूस भाऊ असला तरी परका. लहानपणापासून तेच ऐकलं. म्हणून खिशातल्या पैशांत टाकी जवळजवळ भरली. युरिया संपत आल्याचं गाडी दाखवत होती, म्हणून युरियाचा अडीच गॅलनचा डबाही घेतला. बाबांना वाटावं, पोरानं न विचारता नेली पण नीट आणली. डबा बाबांच्या खात्यावर लिहायला सांगितला, नुसतं आडनाव.

तुला माहीत आहे, त्या गाडीला डिझेलचं आणि युरियाचं, दोन्ही तोंडं एकाच दाराआड, शेजारी शेजारी. मी डबा ओतत होतो आणि बघत होतो खिडकीकडं. ब्रिटानं तो रोल मोडला. मोठा तुकडा तुझ्या ताटात ठेवला आणि बोटं चाटली. माझ्याशी बोलताना ती नेहमी हात खिशात घालून बोलायची.

डबा रिकामा झाला तेव्हा मी खाली बघितलं. युरियाचं निळं झाकण घट्ट बसलेलं होतं. सगळा युरिया डिझेलात गेला होता.

बर्ल म्हणतो, त्या क्षणी किल्ली फिरवली नसती तर टाकी उतरवून धुतली असती, काही शे डॉलरांत भागलं असतं. मलाही ते ठाऊक होतं. पंपावर पाटी लावलेली आहे तशी. पण मग आत जाऊन सांगावं लागलं असतं, आणि आवाज ऐकून तुम्ही दोघं बाहेर आला असता. तू गाडी ढकलली असतीस. ती माझे बूट बघत उभी राहिली असती.

मी किल्ली फिरवली. घराजवळ गाडी दोनदा अडखळली. किल्ली खिळ्याला लावली आणि कुंपणाच्या तारा ओढायला निघून गेलो.

पुढचं तुला माहीत आहे. सकाळी तू ट्रेलर जोडलास, आणि पहिल्याच चढावर गाडी बंद पडली, मागं वासरं ओरडत. गॅरेजवाल्यानं पांढरे खडे दाखवले. कंपनीनं सांगितलं, चुकीच्या टाकीत युरिया गेलाय, वॉरंटी विसरा. बाबांनी सोसायटीच्या खात्यावर गुरुवारचा डबा बघितला, आणि त्या दिवशी जेवताना मान वर न करता विचारलं, "गुरुवारी गावात कोण होतं?"

मी बटाटा कापत होतो. तू म्हणालास, "मी होतो."

खरंच होतास. खोटं बोलला नाहीस. पण "गाडी मी नेली नव्हती" असंही म्हणाला नाहीस.

बिल फ्रिजवर लागलं. तू तुझ्या बारा कालवडी विकल्यास. त्या कालवडींवर तुझा कळप उभा राहणार होता आणि त्या कळपावर लग्न. लग्न लांबलं. मला बरं वाटलं, हार्लन. मी ते लिहितोय कारण ते खरं आहे. त्या दिवसानंतर बाबांनी खिळ्यावर किल्ली ठेवणं बंद केलं, शर्टाच्या खिशात ठेवायला लागले, आणि बाजाराचा दिवस आला की तुझ्यासमोर माझ्या हातात द्यायचे. "वेस, तू चालव." लहानपणापासून ते ऐकायला मी जीव टाकत होतो. चार वेळा चालवली. पाचव्या वेळी मी इथं नोकरी शोधली.

गेल्या ऑक्टोबरात बाबांना त्याच गाडीतून दफनभूमीत पोचवताना तू ती किल्ली माझ्यापुढं धरलीस. "त्यांना आवडलं असतं," म्हणालास. मी म्हणालो, गुडघा दुखतोय. दुखत नव्हता. तेव्हा नव्हता.

एक गोष्ट मला तीन वर्षं सुचू देत नाही. मी पंपावरून निघालो तेव्हा खिडकीत तू हात वर केलास. मला बघून केलास, की कॉफी मागायला, ते मला कळलं नाही. कॉफीसाठी असेल तर हे पत्र वाचून तुला राग येईल, आणि तो येऊ दे. मला बघून असेल तर त्या रात्री तू टेबलाशी जे बोललास ते आजवर कुणी माझ्यासाठी केलेलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला असता. आता येत नाही.

पेट्रोलचे पैसे एक मार्चला भरू नकोस. डिझेल घे. चांगली मोठी घे. दोन्ही गाड्यांच्या किमतीत जो फरक आहे तो या पाकिटात आहे. ती काळी गाडी दुसऱ्या कुणीतरी नेली असं समज. मला कंपनीची सतरा नंबर आहे, तंबाखूचे डाग आता दिसत पण नाहीत.

आणि निळ्या झाकणाचं तुला सांगायला नको. तुला ते कधीच सांगायला लागलं नव्हतं.

आईला तू काही बोलू नकोस. जूनमध्ये येतोय, मी स्वतः सांगेन. सुटी मागितली, लगेच मिळाली. आधी मागितलीच नव्हती. बाबांना सांगायचं राहिलं, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

हे पत्र वहिनीला वाचायला दे. सगळं, ते बुटांचं पण.

तुझा धाकटा,
वेस

सोबत चेक आहे. अकरा हजार तीनशे ऐंशी डॉलर.