पंपाच्या तळघराची किल्ली

मी, हयवदन भीमाचार्य कट्टी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर देखरेखीची नोकरी, हल्ली पेन्शनर, राहणार बसवनगुडी, बेंगळूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य अशा कागदावर सगळेच लिहितात. माझ्या बाबतीत मात्र त्यावरूनच तंटा होणार आहे, कारण माझा धाकटा भाऊ जयतीर्थ गांधीबाजारात भेटेल त्याला सांगत असतो की अण्णाला भ्रम झाला आहे आणि तो सुनेने मुद्दाम घडवून आणला आहे. तेव्हा पुढील मजकूर शेवटपर्यंत वाचावा आणि मगच माझ्या डोक्याविषयी मत द्यावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा येलहंक्याची जमीन जयतीर्थने मागून घेतली आणि हे घर माझ्या वाट्याला आले. वाटणीपत्रावर त्याची सही आहे. जमीन त्याने विकून खाल्ली, त्याला मी काय करू? हे घर तळघर व अंगणातील नारळांसह मी माझी सून विमला, माझा दिवंगत मुलगा भगवंत याची पत्नी, हिला पूर्ण मालकीने देतो. ती मुलींच्या शाळेत शिकवते. भगवंत गेल्यावर तिच्या माहेरची माणसे देवनहळ्ळीहून तिला न्यायला आली होती. तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मामंजींना एकट्याला पंपाचं जमत नाही, मी इथंच राहते." मला पंपाचे उत्तम जमत होते. त्या दिवशी मी ते बोललो नाही.

जयतीर्थचा बेत असा, की मला वेडा ठरवून हे मृत्युपत्र रद्द करवायचे, वाटणी खोटी म्हणून घरावर हक्क सांगायचा, तळघरातला खड्डा काँक्रीटने बुजवायचा आणि घर विकायचे. तसे झाले तर विमलाच्या डोक्यावर छप्पर राहणार नाही. म्हणून तिसरे कलम लिहिणे भाग आहे. वकील हणमंतराव ते गाळा म्हणत होते. ते गाळले तर विमलाने मला फसवले हा आळ तसाच राहील. मी गाळणार नाही.

२. पंप. ही जागा घेतली तेव्हा इथे जिवंत विहीर होती. जिवंत पाणी बुजवायचे नाही म्हणून वडिलांनी ती तळघरातच घेतली, तिचा खड्डा ठेवला आणि तोंडावर गजांचे झाकण बसवले. पावसाळ्यात खड्डा भरून तळघरात पाणी यायचे आणि आम्ही ते बादलीने उपसायचो. पुढे मी विजेचा पंप बसवला. खड्ड्यात एक पोकळ गोळा तरंगतो. पाण्याबरोबर तो वर आला की पंप आपोआप सुरू होतो, खाली गेला की थांबतो.

विमला, हे तुझ्यासाठी. मोटर गुणगुणते पण पाणी पडत नाही, असे झाले तर हवा शिरली आहे. पंपाचे वरचे बूच उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओत. मोटर मुकी असेल तर फ्यूज बघ, पण हात कोरडे आणि पायात चप्पल हवी. पाणी उतरूनही पंप थांबत नसेल तर गोळा अडकला आहे. तो काठीने सोडवावा. जयतीर्थने एकदा लाथ मारली होती, तिची खूण अजून आहे. पाण्याची धार बारीक झाली तर मात्र खड्ड्यात सोडलेल्या नळाच्या तळाची जाळी तुंबली असे समज. ती साखळीने वर ओढून घासायची असते.

३. जाळी. माझी पत्नी सत्यवती दर शुक्रवारी तळघरात उतरून गजांमधून खड्ड्यात हळदकुंकू, अक्षता आणि अबोलीची फुले वाहायची. शनिवारी जाळी तुंबायची आणि मी ओरडायचो. "अगं, गंगा नव्हे ती, गळती आहे!" ती म्हणायची, "तुम्ही तिला रोज घराबाहेर हाकलता. शुक्रवारी एक दिवस तरी तिचा मान नको का ठेवायला? स्वल्प हळदीनं तुमचा पंप मरत नाही." आमचे सगळे आयुष्य हे भांडण करण्यात सुखाने गेले.

चार वर्षांपूर्वी ती गेली. मी तळघराला कुलूप घातले आणि किल्ली जानव्याला बांधली. ती आजतागायत तिथेच आहे. दिवसकार्य उरकले आणि पुढच्या शनिवारी पंपाची धार बारीक झाली. जाळी ओढली. तिच्यात ओले कुंकू होते, अक्षता होत्या, आणि अबोलीच्या फुलांचे देठ अजून हिरवे होते.

मी पंपाचा माणूस आहे, आधी कारण शोधतो. जुना साठा तळाशी असेल म्हणून खड्डा उपसून गाळ काढला. हवेचा झरोका विटांनी बंद केला. शनिवारी जाळी पुन्हा भरलेली. तेव्हा जयतीर्थ विमलासमोर म्हणाला, "अण्णा, डोळे उघड. ही पोरगीच टाकते. विधवा होऊन कुंकवाला हात लावते आणि तू तिला घर द्यायला निघालास!" विमलाने हातातले ताट खाली ठेवले आणि ती संध्याकाळच्या बसने देवनहळ्ळीला गेली.

मग मी जयतीर्थलाच सांगितले, दाराला लाख लाव आणि तुझ्या अंगठीचा ठसा उठव. त्याने उठवला. शनिवारी त्याच्याच हाताने ठसा फोडला, तो जसाच्या तसा होता. आम्ही दोघे खाली उतरलो. जाळी इतकी जड झाली होती की साखळी ओढायला दोघे लागलो. पाणी लाल आले. त्या दिवसापासून जयतीर्थ तळघराची पायरी उतरलेला नाही, आणि त्या दिवसापासूनच मी वेडा आहे. मी देवनहळ्ळीला गेलो आणि विमलाला म्हटले, चल घरी. "सरी, मामंजी," म्हणाली आणि माझ्याबरोबर निघाली.

मला भीती वाटली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पहिले काही शनिवार मी स्तोत्र म्हणतच खाली उतरलो. पुढे मी शनिवारची वाट पाहू लागलो. एकटा खाली बसून जाळी घासताना मी तिच्याशी भांडतो. मला तिची फार आठवण येते.

गेल्या शनिवारी, म्हणजे काल, पंप अवेळी सुरू झाला. सध्या पाऊस नाही. खड्ड्यातले पाणी जाळीच्याही खाली गेले आहे आणि एरवी गोळा दांडीवरून खाली लोंबतो. त्याला उचलणारे काही नव्हते, तरी तो वर होता. मी जाळी ओढली. हळद नव्हती, कुंकू नव्हते, फुले नव्हती. कोरड्या जाळीवर तुळशीचे एक ओले पान होते. आमच्या अंगणातली तुळस सत्यवती गेली त्याच वर्षी वाळली आणि मी नवी लावलेली नाही. आपल्यात हे पान कोणाच्या तोंडात आणि केव्हा ठेवतात, ते मला ठाऊक आहे. मी ते जिभेवर ठेवले. त्याला लागलेले पाणी गोड होते. वर आल्यावर हणमंतरावांना निरोप धाडला.

४. माझ्यामागे खड्डा बुजवू नये. शुक्रवारचे हळदकुंकू विमलाने स्वतः वाहावे. ती विधवा आहे म्हणून कोणाची हरकत असेल तर त्याने आधी खाली उतरून माझ्या बायकोला विचारावे. जाळी शनिवारी घासावी, आळस करू नये.

५. पोस्टातील सर्व ठेव, पाइप पाने, तेलाची झारी व बाकी हत्यारे विमलाला. पाणी उपसायची जुनी बादली जयतीर्थला. त्याने ती जन्मात हातात धरली नाही, आता धरावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हणमंतराव यांनी करावी. तळघराची किल्ली माझ्या देहाबरोबर जाळू नये. जानव्यावरून विमलाने आपल्या हाताने सोडवून घ्यावी.

बसवनगुडी, बेंगळूर
ता. ३१ मार्च १९६३, रविवार
(सही) हयवदन भीमाचार्य कट्टी

साक्षीदार पहिला: मी, डॉक्टर सुब्बाराव, शेजारी. कलम तीनवर माझा विश्वास नव्हता व तसे मी मृत्युपत्रकर्त्यास तोंडावर सांगितले. त्यांनी जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. मी एकटा खाली उतरलो आणि जाळी वर ओढली. ती स्वच्छ होती. वर येऊन मी तसे सांगितले, तेव्हा विमलाबाई माझ्या हातांकडे पाहत राहिल्या. सहीशेजारी जो पिवळा अंगठा उमटला आहे तो मी मुद्दाम उठवलेला नाही. साबणाने हात धुऊनच मी लेखणी उचलली होती. मृत्युपत्रकर्त्याची बुद्धी शाबूत आहे. कोणत्याही कोर्टात मी हे शपथेवर सांगेन.
(सही) सुब्बाराव

साक्षीदार दुसरा: वरील सह्या माझ्यासमक्ष झाल्या. डागही माझ्यासमक्ष पडला. खाली उतरण्यास मी नकार दिला.
(सही) हणमंतराव, वकील