कदमकाकांच्या आईचा नीलम

१२ नोव्हें. ९६, सांगली
कोरेगावचे कदमकाका दुकानात आले. आईच्या अंगठीतला नीलम घेऊन. चांगला निघाला तर मुलीला लग्नात तोच घालायचा.

मायक्रोस्कोपखाली पाहिला. आत रेशमासारख्या बारीक सुया, रंगाचे सरळ पट्टे. अस्सल, आणि भट्टीत न तापवलेला, म्हणून जास्त मोलाचा. माझं काम इथं संपतं. रंगाची प्रत नाना ठरवणार. पेठेत बापाचा शब्द चालतो, मुंबईला रत्नपरीक्षा शिकून आलेल्या मुलीचा नाही.

नानांनी उत्तरेच्या खिडकीत पांढऱ्या कागदावर ठेवून बराच वेळ बघितला. म्हणाले, काळपट हाय, हिरवी झाक मारतोय, हलका माल.

मला निळाशार दिसला. गिऱ्हाइकासमोर बापाला खोटं कसं पाडायचं? आत जाऊन चहा टाकला. काका चहा घेऊन, नानांच्या पाया पडून गेले.

१५ नोव्हें.
आणखी दोन नीलम हिरवट म्हणून परत. दोन्ही स्वच्छ. शिवाय आईच्या जांभळ्या साडीला ‘ती तपकिरी’ म्हणाले. आई हसली, मला हसू येईना.

२ डिसें.
मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. दोन्हीकडे मोतीबिंदू, चहासारखा पिवळा पडलेला. नाना म्हणतात, मला तर चांगलं दिसतंय की. हळूहळू पिवळं होत गेलं तर कळणार कसं?

काकांना फोन करावा असं आलं मनात. पण सांगू काय, नानांची नजर गेली? पेठेत बोभाटा. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाही केला.

२१ डिसें.
ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. घरी आल्या आल्या कोरा कागद मागितला. डावा डोळा झाकून पाहिलं, मग उजवा. “ह्या डोळ्यानं पिवळा दिसतोय गं,” एवढंच. जेवले नाहीत.

८ जाने. ९७
कदमकाका पत्रिका घेऊन. आईचा खडा साताऱ्याच्या सोनाराला देऊन टाकला, बदल्यात नवा घेतला. कौतुकानं दाखवला. तापवून रंग चढवलेला. “नाना, तुमी हलका म्हणला, मग ठिवून काय करायचं?”
नाना म्हणाले, चांगला हाय. दुसरं काय म्हणणार. पोरीचं लग्न तोंडावर.

९ जाने.
सोनाराला फोन. खडा कधीच जयपूरच्या दलालाकडे गेला, दलालाचा पत्ता नाही. फार वाईट वाटतंय. त्या दिवशी नुसतं ‘नाना, उद्या परत बघू’ म्हणाले असते तरी चाललं असतं. बापाचा मान राखला म्हणे मी.

१० जाने.
सोमवारी डावा डोळा. नाना सकाळपासून खिडकीत, माल काढलेला नाही. मघाशी मागं न वळता म्हणाले,

“वैशे, कदमाचा खडा तुला तवा कसा दिसला हुता?”

चहा टाकते म्हणून आत आले. चहा कधीच झालाय. नाना बाहेर वाट बघत बसलेत.