सवतीचा टाक

फाल्गुन शुद्ध दशमी, घनसावंगी

आज नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, गळ्यातला चांदीचा टाक द्या. आटवून नव्या सुनंला जोडवी करू."

तो काय मोडीचा दागिना आहे? ह्यांच्या मेलेल्या पहिल्या बायकोची मूर्त आहे त्यावर. माझ्या लग्नात ह्याच बाईंनी तो माझ्या गळ्यात बांधला. "पुजत जा, न्हाई तर कोपंल ती." तेव्हापासून नवं लुगडंसुद्धा आधी टाकाला लावते, मंग नेसते. अन् आता तिला तिच्याच सुनेच्या पायात घालायचं? सासूला? चांदीच पाहिजे तर पेटीतले निजामाचे हाली रुपये आटवा म्हणलं!

हे पानाला चुना लावत बसले. नवरदेव तिच्या पोटचा लेक, तोही उठून बाहेर गेला. मी टाक मुठीत आवळून उभी. एवढ्या घरात तिच्यासाठी भांडली कोण? तिची सवत.