तांबड्या चाकावरचा शेंदूर

श्रावण व. २, शके १८१३. कल्याण.
फलक रंगवून झाला. स्टेशनाच्या टोकाला नवे ग्यासघर उभे राहिले आहे, तिथल्या खलाशी मजुरांसाठी. रात्रीच्या गाड्यांच्या डब्यांत आता तेलाच्या दिव्यांऐवजी ग्यासचे दिवे. ग्यासघरात यंत्राने दाबून ठेवलेला ग्यास जमिनीखालच्या नळाने रुळांशेजारच्या खांबापर्यंत येतो, तिथून रबरी नळीने डब्याखालच्या टाकीत. खांबाला एक तांबडे चाक. नळी सुटली, फुटली तर ते फिरवायचे, सारे एकदम बंद. भरणी चालू असेतो त्या चाकाशी एक माणूस उभा हवा. ते काम आमच्या जावयांना, रघुनाथरावांना मिळाले. चि. यमू खूश. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या आणि माझीही पथारी त्यांच्याकडेच पडली.

फलकाचे काम मला मिळाले ते त्यांच्याच शब्दाने. पण खलाशांना वाचता कुठे येते? म्हणून हुकूम पद्यात बसवला:
नळी सुटता वा फुटता, सोडुनि द्यावे सर्व काही,
तांबडे चाक उजवीकडे, फिरवावे लवलाही.
मात्रा जरा लंगडतात. चालायचेच.

श्रावण व. १०.
शनिवारची तालीम. चाक बसवणारा गोरा फिटर मोठा कसोशीचा माणूस. म्हणतो, दर शनिवारी तेल घाला आणि पूर्ण फिरवून बंद करा, मग उघडा. न फिरवलेले चाक म्हणजे नुसती शोभा. आम्ही रुळाकडेला उभे राहून पद्य म्हटले. गंगाराम ठाकुर्लीचा, खलाशांतला वडील माणूस, आवाज खडा. बाकीचे मागून. डोळे मिटले तर ठाण्याची माझी शाळा. पहिल्या तासाला कविता, खिडकीतून खाडीचा वारा, साठ मुलगे एका सुरात झुलताहेत, आणि दाराशी यमू, परकर सावरत, मुलांच्या आधी पुढची ओळ म्हणणारी…
गंगाराम म्हणाला, "मास्तर, निजलाव का काय?"

भाद्रपद शु. ९.
फिटर इगतपुरीस गेला. आता सारे फोरमनसाहेबाच्या हाती. आज तालीम चालू असताना मेल गाडीचे डबे भरायचे राहिले, गाडीला उशीर झाला. साहेब तणतणत आला. रघुनाथरावांना म्हणाला, "चाक फिरवणे बंद. तेल घाला, पुसा, बस. गाडीला उशीर झाला तर तुम्ही घरी."
रघुनाथराव म्हणाले, "साहेब, लेखी हुकूम?"
"माझे तोंड म्हणजे हुकूम."
साहेब गेल्यावर गंगाराम म्हणतो, "तोंड तर मोठं हाय, कागुद लागलच कशाला." सगळे हसले. मीही.

भाद्रपद व. ८.
शनिवारचे तेल तेवढे उरले, फिरवणे गेले. शनिवार आणि तेल, त्यात तांबडा रंग. पुढचे ओळखायला ज्योतिषी नको. आज गेलो तर चाकाला तेलात कालवलेला शेंदूर. रंग उन्हाने उडाला होता म्हणून लावला, असे गंगाराम सांगतो. मग हळूच: "ज्याच्या हाती आपला जीव, त्याला हात जोडावं मास्तर. फिरवू देत नाय, तर निदान हात तरी जोडू."
रघुनाथरावांनी बोटाने खरवडून पाहिले. म्हणाले, "आट्यांत जाईल रे हे." पण पुसले नाही. चौघा खलाशांच्या तोंडाकडे पाहून पुसवेना, असे घरी म्हणाले.

आश्विन शु. १०. दसरा.
खांबाला झेंडूची माळ, चाकावर शेंदराचे नवे पूट. मागची पुटे वाळून कवडीसारखी टणक झालेली. फोरमनसाहेबाने येता जाता पाहिले, खुशीत पेढा घेतला. यमूने घरी पुरण घातले होते. रघुनाथराव तिला पद्य म्हणून दाखवत होते, 'लवलाही'वर उगीच ताल धरून. तिने हसून लाटणे उगारले.

आश्विन शु. १३.
काल लिहिणे झाले नाही. परवा दिवेलागणीला नळी फुटली. दिवेवाल्याचा पेटता कंदील जवळच. मी फलाटावर होतो. आधी शीळ, मग पिवळी जीभ निघावी तसा जाळ. रघुनाथरावांनी चाक धरले. मी पाहत होतो. उजवीकडे. पद्य पाठ होते, चाक फिरेना. गंगाराम ओरडला, "सोरा, दादा, सोरा." ते सोडीनात. खांद्याने रेटत होते. शेवटी गंगारामाने कमरेला मिठी घालून ओढून काढले, त्याच्याही भुवया गेल्या. ग्यासघरातून नळ बंद व्हायला वेळ लागला.
दोन्ही हात मनगटापर्यंत. दवाखान्यातल्या डॉक्टराने बोटे चिंध्यांत गुंडाळली आहेत. हलतील की नाही, सांगत नाही.

आश्विन व. १.
फोरमनसाहेबाने खांबापाशी बोलावले. चाक लखलखीत. रॉकेल आणि काथ्या लावून कोणीतरी रात्रीतून घासले असावे.
"मास्तर, फिरवा."
फिरवले. एका हाताने फिरले. माझ्या म्हाताऱ्या, शाई लागलेल्या हाताने.
"पाहिलेत? चाक ठीक होते. माणूस जागेवर नव्हता, मागून धावत आला. असे मी लिहिले आहे." मग फार सभ्यपणे: "ठाण्यास चौकशी आहे. तुमचीही साक्ष आहे. खलाशांना सारे शिकवले होते, एवढेच सांगायचे. कविता म्हणून दाखवा, साहेबलोकांना आवडेल."
माझ्या दोन ओळी जावयाच्या गळ्यात बांधायच्या, आणि तेही सुरात.
माणूस जागेवर नव्हता असे ठरले तर नोकरी जाईल, चाळ सुटेल, आणि त्या हातांना दुसरे काम कोण देईल?

आश्विन व. ४.
गंगाराम आला. भुवयांशिवाय चेहरा ओळखू येईना. पायरीवरच बसला, आत येईना.
"मास्तर, दादा जाग्यावर व्हते, आमी सांगू. चाक अरकलं, ते बी सांगू. पन शेंदराचं नाव काढू नका."
म्हटले, "मग अडकले कशाने, असे विचारतील."
"साहेबानं फिरवू दिलं नाय, म्हनून."
"तो म्हणेल असा हुकूमच नव्हता. कागद दाखवा."
गंगाराम म्हणाला, "शेंदराचं कललं तर आमी चौघं गेलो. मिठागर तर बापाच्या टायमालाच सुटलं. जायाचं कुठं?"
याने जाळातून माझा जावई काढला. याच्याच शेंदराने चाक अडकले. दोन्ही एकाच माणसाचे हात.

आश्विन व. ८.
रघुनाथरावांशी बोललो. म्हटले, खरे सांगितले तर तुमच्यावरचा ठपका तरी पुसेल.
"गंगारामाचं नाव घ्यायचं नाही, अण्णा."
"आणि यमूने काय करायचं?"
यमू त्यांना भात भरवत होती. घास तसाच हातात धरून म्हणाली, "अण्णा, मला मधे घालून त्यांना बोलायला लावू नका." थोड्या वेळाने तीच स्वयंपाकघरातून: "पण खोटं ऐकून घ्यायचं तरी किती?"
काय सांगावे ते तिलाही ठाऊक नाही. शाळेत अडलेल्या मुलाला पुढची ओळ हळूच सांगायची तिची सवय. आज मी अडलो तर तीही अडली.

आश्विन व. ३०.
दिवाळी. पणत्या लावल्या नाहीत. रघुनाथरावांना ज्योत पाहवत नाही. डॉक्टराने चिंध्या सोडल्या. उजव्या हाताची दोन बोटे हलतात. बाकीची एकमेकांना धरून बसली आहेत.
जुन्या कविता म्हणून पाहिल्या. सगळ्या पाठ आहेत. एकीनेही घास गिळायला मदत केली नाही.

कार्तिक शु. ५.
उद्या सकाळच्या गाडीने ठाणे. सायंकाळी एकदा खांबापाशी जाऊन आलो. फलकावर माझी अक्षरे तशीच, खाली धुराची काजळी. नवी नळी लागली आहे, भरणी पुन्हा सुरू. चाकाशी दुसरा कोणी पोरसवदा माणूस.
चाकावर शेंदूर. ताजा. तेलाचा वास येत होता.
संतापलो. गंगारामाला हाक मारली. म्हटले, "अरे, लाज नाही? इतकं होऊन?"
तो दोन पावले मागे सरला. "आमी नाय, मास्तर. आमी आता हात बी लावत नाय." मग खाली बघत: "पहाटे यमूताई आलती. माज्या घरवालीला संगं घेऊन. दादाच्या हातासाठी नवस बोललीय. आकरा शनवार."
मी उपरण्याच्या पदराने चाक पुसू लागलो. वरचे निघाले. आट्यांत बोट जाईना. तो नवा माणूस माझ्याकडे बघत होता, वेडा म्हातारा बघावा तसा. त्याला म्हटले, "फिरवून बघ." तो म्हणाला, "हुकूम नाही."
अर्धे पुसून परत आलो.

यमूने दारातच उपरणे पाहिले. तिने ते खांद्यावरून काढून घेतले आणि मोरीत नेले. रिठ्याने चोळते आहे, इथपर्यंत ऐकू येते. रघुनाथराव आतून म्हणाले, "उद्या काय बोलणार, अण्णा?"

आत्ता तिने दोरीवर वाळत घातले. डाग फिका झाला आहे, गेला नाही. उद्या हेच घालून साहेबांपुढे उभे राहायचे. दुसरे उपरणे नाही.