ताईच्या पत्त्यावरून

४ मार्च
चित्रंवाला की साधा — दिवसभर एवढंच चाललंय! ताई-भाऊजींच्या लोकरीच्या दुकानाचा मेल आता कसा पाठवायचा ते ठरवायचंय. भाऊजींनी डिझायनर आणलाय. त्याचा साचा तयार. वर लोकरीचा फोटो, खाली रंगांचे चौकोन, शेवटी 'आत्ताच घ्या' असं गुबगुबीत बटण. देखणा आहे, खोटं कशाला बोलू.

ताई साधाच पाठवायची. नुसती अक्षरं. कोणता रंग आलाय, सुया कुठल्या घ्याव्यात, आणि मधेच स्वतःचं काहीतरी.

ताई हिवाळ्यात गेली. गिऱ्हाइकांच्या यादीतल्या कुणालाच आम्ही कळवलेलं नाही. कळवू कळवू म्हणत राहून गेलं. मेल अजून तिच्याच पत्त्यावरून, तिच्याच नावाने जाणार. डिझायनर म्हणे, "ओळखीचं नाव आहे, बदलू नका."

५ मार्च
ठरलं. अर्ध्या यादीला चित्रंवाला, अर्ध्या यादीला साधा. लोक ज्याला जास्त दाद देतील तो कायम. डिझायनर हसला. "साध्यात मेल कोणी उघडला तेसुद्धा कळत नाही. पलीकडे कोण आहे, पत्ताच लागत नाही."

साधा मी लिहायचा.

६ मार्च
तिच्याच खुर्चीत बसून लिहिला. मला चार ओळी लिहायच्या म्हणजे घाम फुटतो — आज सरसर उतरला! शेवटी 'बघा बरं, घाई नको' असं लिहून गेले. मी असं कधी बोलत नाही. ती बोलायची. खोडायला गेले तर हात उचलेना.

९ मार्च
चित्रंवाल्याला एकही उत्तर नाही. साध्याला रीघ! एक निवृत्त नर्स लिहितात, "होतीस कुठे गं इतके दिवस? मान कशी आहे?" एका शिक्षिकेचं नातवाचं टोपडं ताईला विचारायचं म्हणून अर्धवट राहिलंय. सगळं ताईला.

डिझायनर म्हणाला, "जिंकलात! साधाच ठेवा."

१० मार्च
नर्सबाईंना उत्तर दिलं नाही. आज माझीच मान दुखतेय.

१६ मार्च
दुसरा साधा गेला. लिहीत होते तेव्हा भाऊजी दारात उभे. "तीही अशीच करायची. दोन ओळी लिहायची नि खिडकीकडे बघत बसायची."

मग मी खिडकीकडे बघितलंच नाही. उरलेलं मान खाली घालून लिहिलं.

१७ मार्च
उत्तरांमध्ये भाऊजींचं नाव! आधी वाटलं, चुकून आलं असेल. उघडलं.

'आज लवकर ये. भाजी मी चिरून ठेवतो.'

ते भिंतीपलीकडे गोदामात होते. खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या फाडल्याचा आवाज येत होता. मी 'येते' लिहिलं. — लिहिलं! मग पुसलं. पुसल्यावर जास्तच भीती वाटली.

तडक गोदामात गेले.
"भाऊजी, ती उत्तरं मला येतात."
"माहीत आहे."
"मग?"
"तू लिहितेस ना, तेव्हा ती आत बसलीये असं वाटतं गं छोटे. वाटू दे की थोडे दिवस."

लोकरीची एक लडी उचलली, परत ठेवली. "मला नाही झेपत," म्हटलं. "माझी मीच मला सापडेनाशी झालेय, भाऊजी."

त्यांनी पुढचं खोकं ओढलं.

१८ मार्च
सगळ्यांना कळवायचं. डिझायनरकडे त्याचाही साचा आहे — काळी चौकट, कोपऱ्यात फुलं! हात जोडले त्याला.

साधाच लिहिला. या वेळी शब्द न् शब्द अडला. 'ताई गेली. मागचे दोन मेल मी लिहिले होते, ती असल्यासारखे. चुकलं माझं. मी तिची धाकटी बहीण.' पाठवणाऱ्याच्या जागी ताईचं नाव होतं, तिथे माझं घातलं. भाऊजींना आधी वाचून दाखवला. अर्ध्यातच उठून गेले.

पाठवला.

१९ मार्च
उत्तरं थांबत नाहीयेत. नर्सबाई लिहितात, "पोटभर रडून घेतलं. आता तू सांग, राखाडी लोकर आलीये का?" मीही रडले, मग हसले, मग राखाडी शोधायला उठले.

भाऊजी दुकानात फिरकले नाहीत. मी त्यांच्या दाराशी डबा ठेवून आले, तो त्यांनी आत घेतला एवढं दिसलं.

२१ मार्च
यादीतून आज एकजण कमी झाला. भाऊजी. नाव काढून घेताना मेलवाले कारण विचारतात, बहुतेक लोक ती चौकट कोरीच सोडतात. भाऊजींनी ती भरलीये. ताई गेल्यापासून जे त्यांनी ना आईला सांगितलं, ना शेजाऱ्यांना, ना माझ्यासमोर कधी तोंडातून काढलं, ते तिथे लिहिलंय —

'बायको वारली.'